पितरातली गाडी

गाडी दारात उभी होती. किल्ली श्रीदेवीच्या कमरेच्या पिशवीत, कागदावर नाव श्रीदेवीचं, बँकेचं कर्ज श्रीदेवीच्या डोक्यावर; आणि एवढं सगळं असून गाडी मात्र औरादच्या ग्यानबाची. मैलूरच्या त्या गल्लीत हे कुणाला समजावून सांगायची सोय नव्हती. म्हणून तिनं सोयाबीन झाकायची निळी ताडपत्री आणून गाडीवर टाकली. ताडपत्रीनं गाडी झाकली जाते, लोकांची तोंडं झाकली जात नाहीत, हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं.

तिचा नवरा बंडेप्पा ओट्यावर बसून असायचा. साखरेच्या आजारानं त्याची नजर गेली होती, जीभ मात्र शाबूत होती.

"नाव तुझं, कर्ज तुझं, उभी आपल्या दारात, आन गाडी त्याची," तो म्हणाला. "असलं गणित आमच्या मास्तरनं शिकवलं न्हवतं."

"तुमाला मास्तरनं काय शिकवलं होतं ते तरी सांगा," असं म्हणून ती आत गेली. पण गणित तिलाही सुटत नव्हतंच.

पूर्वी गाडी बंडेप्पाच चालवायचा. डोळ्यांना समोरची म्हैस आणि समोरचा ट्रक यातला फरक दिसेनासा झाला तेव्हा त्यानंच शेजारी बसून, शिव्या देत, बायकोला शिकवलं. सकाळी मैलूरहून मास्तरणी भरायच्या, औरादच्या वाटेवरच्या गावोगावच्या शाळांत सोडायच्या, संध्याकाळी गोळा करून आणायच्या. ही तिची लाईन. त्यात सगळ्यात आधी बसली ती स्नेहा, ग्यानबाची सून, नवऱ्यासोबत मैलूरला राहणारी. बाईमाणूस गाडी चालवतंय म्हणून बाकीच्या बिचकत होत्या. स्नेहानं एकेकीला हाताला धरून आणलं. पुढच्या सीटवर श्रीदेवीअक्काच्या शेजारी ती बसायची, आणि त्या सीटवर दुसरं कुणी बसत नसे. श्रीदेवीच्या घरातली चूल त्या लाईनीवर पेटत होती, आणि लाईन स्नेहाच्या शब्दावर उभी राहिली होती. ग्यानबाच्या घराची भीड पडायला एवढं पुरेसं होतं.

मैलूर क्रॉसवरच्या, म्हणजे चौकातल्या, गाड्यांच्या स्टँडची एक रीत आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, सगळ्या गाड्या धुऊन, हार घालून ओळीनं उभ्या करायच्या. ज्या लाईनच्या जागेवर ज्याची गाडी पूजेला उभी, वर्षभर ती लाईन त्याची. मध्येच कुणाची गाडी नादुरुस्त झाली तर दुसऱ्यानं बदली चालवायची, लाईन चोरायची नाही. पण पूजेला जागा रिकामी दिसली की बदलीवाला मालक. हे कुठं लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं तर कुणीतरी एव्हाना मोडलं असतं.

आणि यंदा श्रीदेवीची जागा रिकामी राहायची वेळ आली होती.

त्या वर्षी नव्या गाड्यांचा दुष्काळ पडला होता. कुणी म्हणे गाडीत नखाएवढी चिप लागते, ती परदेशातून यायची थांबली. कुणी म्हणे कुठंतरी लढाई लागली म्हणून. औरादच्या बाजारात कांद्यापेक्षा चिपचीच चर्चा जास्त, आणि चिप कुणीच पाहिलेली नाही. नौबादच्या शोरूममध्ये एरवी माणूस आत शिरला की पोरं थंडा घेऊन धावत यायची. आता महेशकुमार मॅनेजर खुर्चीतनं उठतसुद्धा नव्हता. गिऱ्हाईकच त्याला विचारायचं, साहेब, चहा सांगू का? नवी मिळेना म्हणून लोक जुन्यावर तुटून पडले. एजंट दारोदार फिरून म्हणायचे, आहे तशी द्या, टायर गेलेले असू द्यात. अशाच एकानं श्रीदेवीची म्हातारी गाडी चांगला भाव देऊन नेली. तिनंही दिली. शोरूममधला शब्द होता, श्रावणात नवी येईल. श्रावण आला, गेला, पोळा झाला, गणपती बसले आणि उठले. गाडी काही आली नाही. लाईन रविकुमार बदली चालवायला लागला. त्याच्या गाडीत गार हवा होती आणि गाणी होती.

मग पितर पंधरवड्यात महेशकुमारचा फोन आला. सात सीटची एक पांढरी गाडी आली होती. एकच. पहिला नंबर ग्यानबाचा, त्याच्या मागं श्रीदेवीचा. वरनं हुकूम होता की गाडी अडवून ठेवायची नाही. आज संध्याकाळपर्यंत ज्याची त्यानं सही करायची, नाहीतर पुढच्याला. आणि ग्यानबाचा फोन लागत नव्हता.

श्रीदेवी जाऊन बसली. काचेपलीकडं गाडी उभी, अलीकडं ती. दरवाजा उघडला की ती वळून बघायची. ग्यानबा येऊ नये असं तिला वाटत होतं, आणि आपल्याला असं वाटतंय याची लाजही वाटत होती. ऊन उतरायला लागलं. महेशकुमारनं घड्याळाकडं बघून कागद तिच्या बाजूला सरकवला, तेवढ्यात ग्यानबा आला. अंगावर मुगाच्या राशीची धूळ, फोन बॅटरी संपून खिशात मेलेला.

त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. हात लावला नाही. याच गाडीसाठी त्यानं उन्हाळ्यातच घरापुढचा लिंब तोडून पत्र्याचं शेड मारलं होतं. गाडी येईना म्हणून शेडात शेरडं बांधली, आणि येणारा-जाणारा विचारायचा, अण्णा, ह्या गाडीला ॲव्हरेज किती? ग्यानबा हसून घ्यायचा, पण घरी जाऊन जेवायचा नाही. आता गाडी समोर होती आणि त्याला सही करवत नव्हती. त्यानं श्रीदेवीला बाजूला बोलावलं.

"पितर चालू हाईत. ह्या तारखेला माझं नाव कागदावर लागलं तर ते जलमभर तितंच ऱ्हाईल," तो म्हणाला. "तुमच्यात पितर धरत न्हाईत न्हवं? तू घे. घटस्थापनेला माझ्या नावावर करून घेतो, बँकेचं मी बघतो. मी नवा नंबर लावतो, त्यो तुला. पुढची गाडी आली की तुझी."

श्रीदेवीचं घर बसवण्णांना मानणारं. मुहूर्त बघून गाडी घ्यायची त्यांच्यात पद्धत नाही, हे खरंच होतं. पण पुढची गाडी आयुधपूजेच्या आत येणार नाही हेही तितकंच खरं. न्हाई म्हटलं असतं तर? एक तर ग्यानबानं डोळे मिटून सही केली असती, नाहीतर मान खाली घालून तो निघून गेला असता, आणि गाडी तिची झाली असती. शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता. पण समोर स्नेहाचा सासरा उभा होता, आणि मोठा माणूस हळू आवाजात मागत होता. ती व्हय म्हणाली. महेशकुमारनं या काळात काहीच ऐकलं नसल्याचं तोंड केलं. त्याच्या नोकरीत ते तोंड रोज लागतं.

ग्यानबानं एकच अट घातली. "पूजा करायची न्हाई. नागू म्हनती, ज्या बाईच्या हातचं पयलं कुंकू, गाडी त्या घरची. शोरूममधनं थेट तुझ्या दारी, तितनं थेट माझ्या दारी. मधी कुनाला बसवायचं न्हाई."

नागूबाई म्हणजे ग्यानबाची बायको. तिचा शब्द त्या घरात शेवटचा असे, आणि बरेचदा पहिलाही.

शोरूमच्या पोरांनी हार आणला, केक आणला, पुठ्ठ्याची मोठी किल्ली आणली. श्रीदेवीनं हार परत केला, नारळ परत केला. फोटो तेवढा त्यांनी काढलाच. त्यात ती घरात कुणीतरी गेल्यासारखी उभी होती.

मग सुरू झाले ते ताडपत्रीचे दिवस. रोज सकाळी रविकुमार मास्तरणी भरून तिच्या गल्लीच्या तोंडावरनं जायचा आणि गरज नसताना हॉर्न वाजवायचा. एकदा थांबून अदबीनं म्हणालाही, "अक्का, पूजेला तुमच्या जागेवरचा हार मीच आनू का?" तिनं त्याला आण म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार? घरात येऊन तिनं धुतलेली भांडी परत धुतली.

बुधवारी सकाळी स्नेहाचा फोन आला. रविकुमारला रात्री हैदराबादच्या विमानतळाचं भाडं लागलं, तो न सांगता गेला. सकाळची सरकारी बस भरून निघून गेली, दुसरीचा पत्ता नाही. शाळांमध्ये आज मोठे साहेब तपासणीला यायलेत, आणि सगळ्या मास्तरणी क्रॉसवर उभ्या. "अक्का, काई करता येतं का बघा की."

श्रीदेवी म्हणाली, माझ्याकडं गाडी न्हाई. फोन ठेवला.  थोड्या वेळानं बंडेप्पा ओट्यावरनं उठला, चाचपडत गाडीपाशी गेला आणि ताडपत्रीची गाठ सोडायला लागला.

"कामून सोडायलाव?" ती ओरडली नाही, पण आवाज फाटला.

"माझ्या डोळ्यांला दिसत न्हाई, गाडी हाय का न्हाई ते," तो म्हणाला. "तुला दिसतंय का तेवढं बघ."

मास्तरणी चपला हातात घेऊन गाडीत बसल्या. सीटवरचं प्लॅस्टिक कुणी फाडलं नाही. देवळात बसावं तशा सगळ्या अंग चोरून बसल्या. स्नेहा पुढं बसली आणि वळून श्रीदेवीकडं बघत राहिली. गाडी संतपूरच्या बाजूला लागली तेव्हा तिनं हळूच विचारलं, "ही आमची न्हवं का?"

"व्हय."

 समोरनं कडब्याचा ट्रॅक्टर आला, श्रीदेवीनं गाडी पार साईडच्या मातीत उतरवली. नव्या गाडीचं स्टिअरिंग लोण्यासारखं फिरत होतं, त्यामुळं तिला जास्तच भीती वाटत होती. खड्डा आला की ब्रेक, कुत्रं दिसलं की ब्रेक. आणि या सगळ्याच्या खाली, कबूल न करण्याजोगी गोष्ट म्हणजे, तिला छान वाटत होतं.

"आत्याला कळलं तर त्या हात लावनार न्हाईत गाडीला," स्नेहा म्हणाली. "वापरलेली म्हनतील." मग खिडकीबाहेर बघून, "मी काई बोलनार न्हाई. कुनीच बोलनार न्हाई. व्हय का न्हाई बायांनो?" मागनं सगळ्यांनी माना हलवल्या.

शेवटच्या बाईला औरादच्या अलीकडं सोडून श्रीदेवी तिथूनच वळली, गावात शिरली नाही. संध्याकाळी सगळ्यांना परत आणलं. घरी आल्यावर चाकांच्या खोबणीतली माती काडीनं काढली, काचा पुसल्या, प्लॅस्टिक सरळ केलं. गाडी पुन्हा कुणी न बसलेली झाली. मनाचं तसं करता येईना.

कारण स्नेहा नको ते बोलून गेली होती. आत्याला कळलं तर त्या हात लावणार नाहीत. म्हणजे गप्प बसलं की गाडी जाणार, लाईन जाणार. आणि खरं सांगितलं की गाडी दारात राहणार, आयुधपूजेला जागेवर उभी राहणार. एवढं स्वस्त खरं श्रीदेवीनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं ग्यानबाचा नंबर लावला आणि पहिल्या घंटेला कापला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, पुन्हा कापला. उलटा फोन आला तेव्हा ती म्हणाली, चुकून लागला, अण्णा. ग्यानबा खुशीत होता. गल्लीला जेवण सांगितलंय म्हणाला.

"खरं बोलायला कवापासनं भ्यायलीस?" बंडेप्पानं विचारलं.

"खोटं बोलून गाडी जाती आन खरं बोलून मिळती. असलं खरं कुनाच्या तोंडाला शोभतं?"

यावर बंडेप्पा म्हणाला, "चहा कर."

घटस्थापनेच्या सकाळी ती एकटीच गाडी घेऊन निघाली. शेजारी कुणी बसायचं नव्हतं. वाटेत ठरवलं, सांगायचं नाही. संतपूर गेल्यावर ठरवलं, सांगायचं. औरादच्या वेशीत शिरताना काहीच ठरलेलं नव्हतं.

ग्यानबाच्या दारात माणसांचा घोळका. शेडातली शेरडं सोडून जमीन सारवलेली, वर रांगोळी. ग्यानबाच्या डोक्यावर कोरी टोपी. मुलगा शिवराज आणि स्नेहा आदल्या दिवशीच गावी आले होते. स्नेहानं गर्दीतनं श्रीदेवीकडं पाहिलं आणि मान अगदी किंचित हलवली. नको. बोलू नका. ग्यानबानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की ही आमची श्रीदेवी, आपल्या घरातलीच, हिच्या भरवशावर गाडी ठेवली होती.

नागूबाई ताट घेऊन पुढं आली. ठेंगणी, काटक बाई. नेसणं घट्ट, चाल घाईची. तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि गाडीच्या नाकाकडं नेलं.

"वैनी, थांबा."

आवाज आपलाच आहे हे श्रीदेवीला जरा उशिरानं कळलं.

"बुधवारी गाडी भाईर काढली होती. मास्तरनींना शाळंत सोडलं. परत आनलं. आन्नांला मी शब्द दिला होता, तो मोडला."

नागूबाईचं बोट जागच्या जागी थांबलं. ग्यानबा आधी हसला. एकदा निघाली तर काय बिघडतंय, म्हणाला, लाव गं तू. कुणाला काही कळायच्या आत घोळक्यातनं एक जण बोललाच, "अण्णा, सेकंड हॅन्ड घेतलीव व्हय?" आणि ज्यांना हसायचं नव्हतं तेही हसले.

त्या हसण्यानं काम झालं. ग्यानबानं डोक्यावरची कोरी टोपी काढली. तो श्रीदेवीला म्हणाला, मी तुला पोटच्या पोरीसारखं धरलं होतं. आणखी बरंच बोलला, विश्वासावर, आजकालच्या माणसांवर. आवाज चढत गेला तसे शब्द तेच तेच यायला लागले. श्रीदेवी उभी राहून ऐकत होती. ऐकण्यासारखंच होतं.

"तुमी कशाला तिच्यावर तापायलाव?" नागूबाईनं ताट खाली ठेवलं. "पितरात घ्यायची न्हाई म्हनून दुसरीच्या नावावर घेतलीव. तुमच्या बापाला वर काय आरटीओचा कागद दाखवनार होताव? त्यो म्हनला असता, ग्यानबा, गाडी तर तूच घेतलास की."

 नागूबाई श्रीदेवीच्या अगदी जवळ आली आणि आवाज खाली आणला.

"खरं बोललीस. पर फायद्याचं खरं बोललीस, आन चार मानसांत बोललीस. हेच फोनवर सांगितलं असतंस तर घरातलं घरात ऱ्हायलं असतं. कामून न्हाई सांगितलं?"

"भ्याले, वैनी."

"कशाला?"

"तुमी घेतो म्हनशीला म्हनून. आन घेत न्हाई म्हनशीला म्हनून."

नागूबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. बाजारात मेथीची जुडी उलटून बघतात तसं, आत किती पिवळी आहे ते.

"घिऊन जा गाडी," ती म्हणाली. "मला दुसरीच्या घरची लक्ष्मी नको. यांचा नंबर गेला तर गेला. येईल तवा येईल."

श्रीदेवीला काहीतरी द्यावंसं वाटत होतं, तिचा स्वतःचा नंबर, निदान तो. पण तो या गाडीतच संपला होता. तिनं ग्यानबाच्या पाया पडायला वाकावं म्हटलं तर त्यानं पाय मागं घेतले. शेडाच्या खांबाला टेकून, कुणाकडंही न बघता, तो म्हणाला, "आमच्या घरचं मानूस त्या गाडीत बसनार न्हाई. शिवराज, बायकोला सांग."

शिवराजनं बायकोला काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, ती तिथंच उभी होती.

परतीच्या वाटेत श्रीदेवीला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. भूक लागली. संतपूरला गाडी थांबवून तिनं मिरचीभजी खाल्ली, उरलेली बंडेप्पासाठी बांधून घेतली, आणि हात नीट पुसूनच स्टिअरिंगला लावला.

आयुधपूजेला पांढरी गाडी स्टँडवर तिच्या जागेवर उभी होती. रविकुमारनं आपली गाडी मागं घेतली, कुरकुर केली नाही, आणलेला हारही दिला. रीत ती रीत. श्रीदेवीनं आपल्या हातानं गाडीला विभूती लावली, कुंकू लावलं, वर्षभराची लाईन तिची झाली. बंडेप्पानं बॉनेटवर हात फिरवून विचारलं, रंग कसला म्हणालीस? तिनं सांगितलं, पांढरा. तो म्हणाला, लवकर मळंल.

सुट्ट्या संपून शाळा उघडल्या. मास्तरणी आल्या, मागं बसल्या, प्लॅस्टिक काढलेल्या सीटवर ऐसपैस. पुढची सीट मोकळीच राहिली. कुणी सांगितलं नव्हतं तरी तिथं कुणी बसलं नाही.

क्रॉसच्या पलीकडं बसथांब्यावर स्नेहा उभी असते. डबा खांद्याला, डोळे फोनमध्ये. पहिल्या दिवशी श्रीदेवीनं काच खाली करून नुसतं बघितलं होतं. स्नेहानं वर पाहिलं, हसल्यासारखं केलं, आणि पुन्हा मान खाली घातली. तेव्हापासून श्रीदेवी हाक मारत नाही, हॉर्न वाजवत नाही. फक्त गाडी सुरू ठेवून थांबते. मागनं कुणीतरी म्हणतं, अक्का, उशीर व्हायलाय. रविकुमार आपल्या नव्या लाईनची माणसं भरून बाजूनं निघून जातो. ती आरशात बघत राहते. बस येते, स्नेहा गर्दीत चढते, दार लागतं. मगच श्रीदेवी गिअर टाकते.